माझ्या पाठीवर पट्टा आला नाही

मी एक म्हातारी मेंढी आहे. समोरचे दोनच दात उरले आहेत, म्हणून मी हळू खाते. बोलायला मात्र दात लागत नाहीत. मित्रांनो, आधीच कबूल करते, मी फार मत्सरी आहे. माझी कहाणी या एका दुर्गुणाचीच आहे.

आमचा कळप लहान, अवघ्या नऊ जणींचा. वडिलांच्या मागे दोन बहिणी तो सांभाळत होत्या. थोरली आमच्या लोकरीचं विणकाम करायची आणि धाकटी आमची दुखणीखुपणी बघायची. माझं नाव रेशमी. थोरली माझ्या पाठीत बोटं बुडवून म्हणायची, "बघ ग, हात कसा आत जातो!" तेव्हा मी मान वळवून बघत असे, की बाकीच्यांनी ऐकलं ना?

आमच्यात एक कानतुटी होती. लहानपणी तारेत अडकून तिच्या कानाचं टोक गेलं होतं. तिची लोकर इतकी राठ, की थोरली तिची फक्त पायपुसणी करायची. मी तिला खिजगणतीतही धरत नव्हते.

एका वर्षी पावसाळा संपताना धाकटीनं आम्हाला फाटकापाशी एकेक करून उभं केलं. पापणी खाली ओढून ती आतला रंग पाहत होती. तो लाल असेल तर ठीक, फिका असेल तर पोटात जंत. मग दात, खूर, कास.

"ताई, चारा सहा जणींच्या पिल्लांपुरताच आहे," ती म्हणाली. "नव्या एडक्याकडे सहाच जणी जातील."

जिची निवड होई तिच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा. माझी पाळी आली तशी मी स्वतःच पुढे होऊन पाठ दिली. पण धाकटीनं कुंचला उचललाच नाही.

"ही नको."

"काय बोलतेस! हिच्यासारखी लोकर आहे का कुणाची?"

"लोकर आहे ग. पण या पावसाळ्यात तीनदा औषध पाजलं हिला. आणि आजवर दोनदा व्याली, दोन्ही वेळा पिल्लाला जवळ येऊ दिलं नाही. बाटली घेऊन कोण धावत होतं? तूच ना? कानतुटीनं जुळी वाढवली, औषधाचा थेंब न घेता. पोरी आईवरच जातात, ताई."

कानतुटीच्या राठ पाठीवर पट्टा उमटला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रंग ओला होता. मी धावत गेले आणि तिच्या अंगाला अंग घासलं.

"अग, बघ बघ! हिनं रंग चोरला!" धाकटी पोट धरून हसली.

थोरलीही हसली, मग हळूच म्हणाली, "एकदा जाऊ दे ना हिला."

"बरं. मग कुणाला काढू? तूच सांग."

थोरलीनं त्या सहा जणींकडे बराच वेळ पाहिलं. शेवटी तिनंच माझ्या मानेला धरून मला कुंपणाच्या अलीकडे आणलं. धाकटीनं आणलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. माझ्याबरोबर राहिलेल्या दोघींना शेजाऱ्यानं विकत नेलं. मी उरले ती लोकरीपुरती.

सगळा हिवाळा मी कुंपणातून कानतुटीला बघत काढला. तिला मूठभर दाणा जास्त मिळाला, की मी माझं घमेलं उलथून टाकत असे. थोरली दिवसभर त्या पोटुशींच्या मागे. माझ्याकडे यायची ती फक्त कातर घेऊन.

मग एका सकाळी धाकटी ओरडली, "ताई, तीन आहेत! कानतुटीला तीन!"

तीन! माझं काळीज करपलं. कानतुटीचे सड दोनच, त्यामुळे तिसरी, सगळ्यांत लहान, नेहमी बाहेर ढकलली जाई. एके दिवशी बोचरं वारं सुटलं होतं. ती कुंपणाच्या फटीतून आली आणि थेट माझ्या लोकरीत शिरली. मी डोक्यानं तिला धडक दिली. ती खांबावर आपटली आणि लंगडत उठली.

थोरलीनं ते पाहिलं. तिनं पिल्लू उचललं, पाय चाचपला आणि मला एवढंच म्हणाली, "राग माझ्यावर आहे ना तुझा? मग मला मार."

त्यापेक्षा तिनं काठी घातली असती तर बरं.

पाय नुसता मुरगळला होता. आठ दिवसांनी तो बरा झाला आणि ती वेडी पुन्हा माझ्याकडेच आली. या वेळी मी हललेच नाही. ती माझ्या कुशीला टेकून झोपली. माझ्या स्वतःच्या पिल्लांना मी कधी इतकं जवळ येऊ दिलं नव्हतं. मग पलीकडून कानतुटीची हाक आली आणि ती उठून पळाली. मी पुन्हा जळाले. पण दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून त्या फटीपाशी कोण उभी होती? मीच.

मित्रांनो, धाकटीचा निर्णय बरोबर होता. हे म्हणायला मला सात वर्षं लागली. निवड करावीच लागते. गवत काही मागेल तेवढं उगवत नाही. पण निवड झाल्यावर मागे राहिलेलीलाही तहान लागते, तिचेही खूर वाढतात. तिचं पाणी रोज बदला. तिच्या मानेमागे थोडं खाजवा. आणि संध्याकाळी कळपाला हाक मारताना तिलाही नावानं बोलवा. माझं नाव कानतुटीच्या आधी घेतलंत, तर मला जास्त बरं वाटेल.