तीन नंबरचा पट्टा

“तू नक्की तीन नंबरलाच असणार ना?” दादाने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

“अरे हो, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, तीन नंबर. किती वेळा सांगू? आईला आण माझ्याकडे, रांगेत ताटकळत ठेवू नकोस.”

“तेच म्हणतोय मी. आपलं माणूस असताना आईला त्रास कशाला?”

“आपलं माणूस” या शब्दांवर मी विरघळले, हे आधी कबूल करते. माणूस कशावर फसेल सांगता येत नाही. मी एका शब्दावर फसले.

माझं काम असं. आमच्या बंदरातून मोठ्या प्रवासी बोटी सुटतात, आत हॉटेलं, नाचगाणी, पोहण्याचे तलाव असलेल्या. चढणाऱ्या प्रत्येकाचं सामान पट्ट्यावरून मशीनमध्ये जातं, आणि त्याच्या पोटात काय आहे ते मी पडद्यावर बघते. चाकू-बंदुका कुणी आणत नाही. लोक आणतात दारू. बोटीवर बाहेरची बाटली चालत नाही, तिथलीच घ्यावी लागते, आणि तिथला एक पेला म्हणजे बाहेरची अख्खी बाटली. मग शहाणीसुरती माणसं शाम्पूच्या डबीत दारू भरतात. कुणी पाव पोखरून त्यात बाटली बसवतो. एका बाईने तर बाळाच्या दुधाच्या बाटलीत भरली होती, आणि बाळ घरीच ठेवून आली होती. एकोणीस वर्षांत माझ्या पट्ट्यावरून एकही बाटली सुटली नाही. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते.

दादाला हे किस्से मीच सांगितले होते, माझ्याच स्वयंपाकघरात. त्या महिन्यात तो दोनदा घरी आला. एरवी वर्षातून एकदा, तेही दारातून, “गाडी चालू ठेवलीय” म्हणत. त्याचं टायरचं दुकान जोरात चालतं, त्यामुळे त्याला वेळ नसतो. आई आठ वर्षं माझ्याकडे आहे. पाय गेले तेव्हापासून व्हीलचेअरवर. लघवीवर ताबा राहिला नाही, त्याला आता चार वर्षं झाली. तिला उचलणं, पुसणं, बदलणं हे सगळं मी करते. ते मी कधी कुणाला ऐकवलं नाही. आज ऐकवतेय.

तर दादा आला, मांडी घालून बसला आणि माझे किस्से ऐकून खो खो हसला. मग म्हणाला, “मग छोटे, सापडत नाही असं काहीच नाही?”

मी बावळट. म्हटलं, “सापडतं सगळंच. पण आजारी म्हाताऱ्यांचं सामान आम्ही सहसा उघडत नाही. औषधं, डायपर, रबरी चादरी. उघडताना त्यांनाही लाजल्यासारखं होतं आणि आम्हालाही.”

“बरोबर आहे,” दादा म्हणाला. “माणुसकी पाहिजे.”

पुढच्या वेळी आला तो पेढे वाटल्यासारखा चेहरा घेऊन. त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून सहा मित्र आपापल्या बायकांना घेऊन दोन रात्रींसाठी बोटीवर चालले होते. “आणि आईला घेऊन जातोय. सत्तरीच्या पुढच्यांना तिकीट लागत नाही, पण लागलं असतं तरी नेली असती. समुद्र बघू दे तिला.”

आई नुसती त्याच्याकडे बघत राहिली. रात्री मात्र मला म्हणाली, “बघ, तू उगाच त्याला नावं ठेवतेस. पोटात माया आहे त्याच्या.” ते खरं असावं असं मलाही वाटत होतं.

मी तिला नवे कपडे आणले, फिकट निळे. पिशवी स्वतः भरली. गोळ्या वारांप्रमाणे लावल्या, दोन पाकिटं डायपर ठेवले, वर लोकरीची टोपी. आदल्या संध्याकाळी दादा येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेला, सकाळी सगळे एकत्र निघायचे म्हणून. आई आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या घरी झोपली.

आता नियम सांगते, कारण चूक माझीही आहे. जवळच्या नातेवाइकाचं सामान आम्ही स्वतः तपासायचं नाही. उठायचं आणि दुसऱ्याला बसवायचं. दोनच आठवड्यांपूर्वी एक नंबरच्या पट्ट्यावरच्या बाईने मेहुण्याच्या चार बाटल्या सोडल्या होत्या आणि ती दुसऱ्या दिवशी नोकरी जाऊन घरी बसली होती. त्यामुळे आमचे साहेब डोळ्यांत तेल घालून फिरत होते. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी उठले नाही. मला आईला बघायचं होतं. आईने मला खुर्चीवर, बिल्ला लावून, पडद्यासमोर बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

अकराच्या सुमारास ते आले. पुढे आई, नव्या कपड्यांत, केस वहिनीने चापूनचोपून बसवलेले. मागे खुर्ची ढकलत दादा, त्याच्या मागे मित्रांचा घोळका. आईने मला पाहिलं आणि मान किंचित वर केली, जशी मी लहानपणी शाळेच्या कार्यक्रमात रंगमंचावर आले की करायची. मी ओळख दाखवली नाही. पण मनातून सुखावले होते, खोटं कशाला बोलू?

तिची पिशवी पट्ट्यावर आली, मशीनमध्ये शिरली, पडद्यावर उमटली.

डायपरचं पाकीट पडद्यावर कसं दिसतं हे मला सांगायला नको. फिकट, भुसभुशीत, जवळजवळ नाहीच असं. या दोन पाकिटांत गडद नारिंगी रंगाच्या चार बाटल्या होत्या. माना, खांदे, बूड, सगळं स्वच्छ.

मी पडद्याकडे बघत होते आणि एकेक गोष्ट डोक्यात जागेवर बसत होती. तीन नंबर का, आई का, एकाच महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात दोनदा मांडी घालून बसणं का. केसाने गळा कापला म्हणतात ना, तसा. आणि केस माझाच, मीच काढून दिलेला.

सोडून द्यावं, असं वाटलं का? वाटलं. बटण दाबलं की आईला कळणार होतं ती कशासाठी आलीय ते. दोन दिवस ती समुद्र बघून आली असती आणि उरलेलं आयुष्य मुलाचं कौतुक करत राहिली असती. पण मी विचार संपवेपर्यंत हाताने बटण दाबलं होतं. एकोणीस वर्षांची सवय. पट्टा थांबला.

पलीकडे बॅगा उघडणारा आमचा पैलवान होता. अंगाने दांडगा म्हणून पैलवान, बाकी मुंगीलाही वाट देईल. त्याने पिशवी उघडली, डायपरचं पाकीट बघून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “उघड.” बाटल्या निघाल्या. एकमेकींवर आपटू नयेत म्हणून जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या. डायपर एकही नव्हता.

साहेब लगेच आले. “कुणाची पिशवी?”

दादा माझ्याकडे बघेना. म्हणाला, “आईची आहे. तिचं तीच भरते सगळं. आम्ही हातसुद्धा लावत नाही तिच्या वस्तूंना.”

आईने आधी बाटल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. फार वेळ नाही. उकळतं दूध उतू जायच्या आत गॅस बंद करतो, तेवढाच वेळ. तिला सगळं कळलं, हे मी पाहिलं. आणि कळल्यावर ती म्हणाली, “हो, माझंच आहे.”

“आजी, चार बाटल्या?”

“झोप येत नाही हो मला. थोडी घेते रात्रीची.”

रांगेत मागे कुणीतरी हसलं. माझ्या आईने जन्मात खोकल्याचं औषधसुद्धा नाक मुरडल्याशिवाय घेतलेलं नाही. ती अनोळखी माणसांसमोर दारुडी म्हणवून घेत होती, मांडीवर हात ठेवून, शांतपणे. दादाचा चेहरा सैल झाला. सुटल्याचा चेहरा होता तो.

साहेबांना शंका आली. “व्हीलचेअरची रांग पाच नंबरला आहे. तुम्ही इकडे कसे?”

दादाचा एक मित्र बोलून गेला, “अहो, इथे याची ब—”

“मीच म्हटलं,” आईने त्याचं बोलणं मधेच तोडलं. “म्हटलं, इथे बाईमाणूस बसलंय, बरं पडेल मला.”

साहेब माझ्याकडे वळले. “ओळखता का तुम्ही यांना?”

आईने माझ्याकडे पाहिलं. दुकानात काउंटरवरच्या बाईकडे पाहावं तसं. “ही बाई कशी ओळखेल मला, साहेब? आज पहिल्यांदाच आलेय मी इकडे.”

तिने एका दमात दोन्ही मुलांना झाकलं होतं. माझं आडनाव लग्नानंतर बदललेलं, कागदावर नातं कुठेच दिसत नव्हतं. मी फक्त एक शब्द बोलायचा अवकाश होता. मी भावाला उघडं पाडू शकले असते. माझी नोकरी गेली असती, पण आईच्या कपाळावरचा हा डाग पुसला गेला असता.

“नाही ओळखत,” मी म्हणाले.

साहेबांनी नियम सांगितला. लपवलेली दारू ज्याच्या सामानात सापडली त्याला बोटीवर चढता येणार नाही, बाकीचे जाऊ शकतात. मला वाटलं, आता तरी दादा म्हणेल की मग मीही नाही जात. त्याने घड्याळ बघितलं. “यांना न्यायला कुणी येईल ना?” साहेबांनी विचारलं.

“हो, हो. बहीण आहे माझी. कामावरून सुटली की नेईल ती.” हे त्याने माझ्यापासून तीन हातांवर उभं राहून सांगितलं, तोंड वर करून. मग आईची खुर्ची समोरच्या प्रतीक्षालयात खांबापाशी लावली, ब्रेक दाबला, तिच्या खांद्यावर थोपटलं. वहिनी मागे वळून बघत होती. तिला वाईट वाटत असावं, पण तीही गेली.

सव्वाअकरा ते सहा. खांब माझ्या खुर्चीच्या अगदी समोर. वर कॅमेरा. मी उठून तिच्याजवळ जाऊ शकत नव्हते, कारण मी तिला ओळखत नव्हते. बॅगा येत राहिल्या, मी बघत राहिले. आईने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. इतकं चोख नाटक तिला येतं हे मला माहीत नव्हतं. दोन वाजता बोटीचा भोंगा झाला. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते, तिकडे तिने मान वळवली. बोट दिसेनाशी झाल्यावरही ती तिकडेच बघत होती.

झाडूवाल्या बाईच्या हाती मी पाणी पाठवलं. तसंच परत आलं. बिस्किटं पाठवली, ती ठेवून घेतली, खाल्ली नाहीत. चार वाजता पुन्हा पाणी पाठवलं, पुन्हा परत. मला वाटलं, रागावलीय माझ्यावर. बटण दाबलं म्हणून. आणि मग मलाच राग आला. दादाचा नव्हे, तिचा. आठ वर्षं मी करतेय आणि पाचव्या मिनिटाला ही त्याच्या बाजूने उभी राहिली. त्याचं खोटं तिने स्वतःच्या पदरात घेतलं, आणि माझं खरं काम तेवढं तिला नडलं. पडद्यावर बॅगा जात होत्या आणि मी मनात तिला ते सगळं ऐकवत होते, जे आठ वर्षांत ऐकवलं नव्हतं.

सहाला मी खुर्ची सोडली. साहेब दाराशीच होते. म्हणाले, “जाता जाता त्या आजींना टॅक्सीपर्यंत सोडाल का? ती बहीण काही आली नाही. काय पोरं असतात एकेकाची.”

“सोडते, साहेब.”

मी ब्रेक काढला. “चला आजी,” म्हणाले. तिने साहेबांना ऐकू जाईल असं म्हटलं, “फार उपकार झाले हो, बाई.”

दाराबाहेर, वळणापलीकडे कॅमेरे संपतात. तिथे मी थांबले, जे बोलायचं होतं ते जुळवत. तिच्या पायांवरचं पांघरूण सरकलं होतं, ते नीट करायला वाकले आणि हाताला लागलं. गादी भिजलेली होती. निळे कपडे कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळपट झाले होते. सकाळचा एकच डायपर, तो कधीच संपला असणार. मला पाणी परत का आलं ते कळलं. तिला बदलायला त्या अख्ख्या इमारतीत एकच माणूस होतं, आणि ते समोर बसलं होतं.

“हाक का नाही मारलीस?” माझा आवाज चढला. “झाडूवालीला तरी सांगायचं.”

“तिने तुला येऊन सांगितलं असतं,” आई म्हणाली. “तू उठून आली असतीस. मला माहीत आहेस ना तू.”

मी पांघरूण तिच्या कमरेपर्यंत ओढून नीट खोचलं.

टॅक्सीवाल्याने आधी तिच्याकडे, मग आपल्या सीटकडे पाहिलं. मी त्याला काही बोलू दिलं नाही. अंगातला कामाचा कोट काढला, बिल्ल्यासकट, सीटवर अंथरला आणि आईला उचलून त्यावर बसवलं. ती हलकी झालीय. कपड्यांवरून हात फिरवत म्हणाली, “एकदाच घातले ग.”

“धुतले की होतात स्वच्छ.”

बंदराचा दरवाजा मागे पडला. मग तिने माझ्या मनगटावर बोटं ठेवली. “दादाला यातलं काही सांगू नकोस हं. मी इथे कशी बसले होते ते. त्याला वाईट वाटेल.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच काळजीने विचारत होती.

“नाही सांगत,” मी म्हणाले, आणि तिच्या बाजूची काच वर केली, कारण वारा गार होता आणि ती ओली होती.