काळ्या ठिपक्यांचा गुलाब

मी गुलाब बोलतोय, आणि रागानं बोलतोय. गोड ऐकायचं असेल तर दुकानातल्या प्लास्टिकच्या फुलाकडे जा.

बीडमध्ये अल्ताफच्या गॅरेजमागच्या अंगणात मी उभा आहे. अल्ताफचे अब्बा हैदर यांनी पालीच्या सुंदरबाईंच्या फुलमळ्यातून रानगुलाबाचा खुंट आणला आणि त्यावर माझा डोळा बांधून कलम केलं. ते गेल्यापासून दर वर्षी त्यांच्या बरसीला त्यांची बायको मदिनाबी माझं फूल खुडते आणि अल्ताफ ते कबरीवर नेऊन ठेवतो. एवढा माझा मान होता.

यंदा पावसाळ्यात माझ्या खालच्या पानांवर काळे ठिपके उठले. पानं पिवळी पडून गळू लागली. महिनाभरात रोग शेंड्यापर्यंत चढला.

का, ते ऐका. मदिनाबी वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुतलेलं पाणी गटारीत जाऊ देत नाही. घमेल्यात धरते आणि मला घालते. भावना चांगली आहे, मान्य. पण घालायचं कुठे, तर थेट डोक्यावर! संध्याकाळच्या नमाजाचं, मग रात्रीच्या नमाजाचं. पहाटेपर्यंत पानं ओलीच. बुरशीला आणखी काय हवं? वर गळलेली रोगट पानं खत म्हणून माझ्याच बुडाशी! माझा नुसता संताप व्हायचा.

अल्ताफनं तर कहर केला. गाड्या धुवायच्या पंपानं मला धुऊन काढलं. ठिपके म्हणजे काय चिखल आहे? त्या फवाऱ्यानं बुरशी चांगल्या पानांवरही उडाली. आणि हाच म्हणतो, "अम्मी, हे मेलं. बरसीला उपटतो. तिथं कंप्रेसर बसवू."

मेलं म्हणे!

नशीब, सुंदरबाई स्कूटी दुरुस्तीला घेऊन आल्या. त्यांनी माझं पान उलटून बघितलं.

"मदिनाबी, कावून मारताय याला?"

"मी कावून मारू? रोज पाक पानी घालते."

"पानी पाकच हाय, पन मुळाला घाला की! ते बी सकाळी. पान भिजलं की बुरशी धरती."

त्यांनी ठिपक्यांची सगळी पानं खुडली, बुडाशी पडलेलीही गोळा केली आणि जाळली. गचपण झालेल्या फांद्या कापल्या. तांब्याचं बुरशीनाशक आठवड्याला एकदा, पानांच्या खालूनही मारायला सांगितलं.

बरसीच्या सकाळी मी बोडका होतो. फूल सोडा, कळीसुद्धा नाही. लाज वाटत होती मला. अल्ताफ पहार घेऊन आला, तशी मदिनाबी मधे उभी राहिली.

"चूक माझी अन् सजा त्याला? आज रिकाम्या हातानं जा. अब्बाला सांग, अम्मीनं पानी चुकीचं घातलं. बाजारातलं फूल नेऊ नको."

अल्ताफ रिकाम्या हातानं गेला. परत आला तेव्हा माझ्याकडे बघेना. पहार मात्र त्यानं उचलून आत ठेवली.

आज मला अकरा पानं आहेत, एकावरही ठिपका नाही. वजूचं पाणी मदिनाबी बादलीत साठवते आणि सकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसून मुळाशी सोडते. फूल कधी येणार, असं तिनं एकदाही विचारलेलं नाही. तिच्यावर रागावून तरी किती रागावू?

तुमच्या दारी गुलाब असेल, तर त्याला मेला म्हणण्याआधी त्याची पानं उलटून बघा. पुढच्या बरसीला मी फूल देणार आहे. पण ते खुडायला अल्ताफनंच यावं. एक काटा मी त्याच्यासाठी राखून ठेवलाय.