नाव लिहिलेली दिमडी

मित्रांनो, जवळ बसा, मोठ्यानं बोलायचं त्राण आता माझ्यात नाही. मी एक जुनी दिमडी आहे. बाभळीचं एक कडं, त्याच्या एका तोंडावर ताणून चिकटवलेलं शेळीचं कातडं, आणि दुसरं तोंड उघडं. एवढाच माझा संसार. पण माझी मालकीण पारूबाई होती, म्हणून सांगायला बसले.

मुखेडजवळच्या एका गावात पारूबाईच्या नवऱ्यानं, केरबानं, मला स्वतःच्या हातानं बनवलं. भाकरी थापता थापता पारूबाई परातीवर ठेका धरायची, गाण्यात हरवायची आणि तव्यावरची भाकर करपून जायची. भाकर वाचावी म्हणून माझा जन्म झाला, असं केरबा हसून सांगायचा. दोनेक वर्षांत तो तापानं गेला. मागे राहिल्या पारूबाई, तिची लहानगी पंचशीला आणि मी.

पारूबाई दिवसभर रोजानं जायची. अक्षर एक येत नव्हतं, पण शेतात तण निंदता निंदता मनात गाणी जुळवायची. बाबासाहेबांची, शाळेची, लेकीबाळींची. जयंतीच्या दिवसांत बिलोलीपासून इस्लापूरपर्यंत बोलावणी यायची. मागे झील धरायला, म्हणजे ओळ उचलून पुन्हा म्हणायला, कोंडाबाई असायची, तिची जिवाभावाची मैत्रीण.

माझी एक खोड आहे. हवेत ओल असली की माझं कातडं ढिलं पडतं आणि मी नुसती थप्प थप्प करते. म्हणून गाण्याआधी मला जाळावर शेकावं लागतं. ते काम पंचशीलाचं. ती मला जाळावर फिरवायची आणि टिचकी मारून बघायची. पारूबाई पदर खोचत विचारायची, "बोलती का गं?"

"हाव माय, बोलती," पंचशीला सांगायची. मगच गाणं सुरू व्हायचं.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र मला जाळ लागला नाही. खडी फोडायच्या कामावर उन्हानंच मी तापलेली असायचे. माणसं वाळत होती आणि मी खणखणत होते. दुपारी बायका सावली शोधून बसल्या की पारूबाई गायची.

पाणी न्हाई आडात, माय,
अक्षर हाय पाटीत गं...

कामावर खायला मिळणारी वाटणीची सुकडी ती लेकीपुढं सरकवायची. "खा गं, गाऊन गाऊनच प्वाट भरलंय माजं," म्हणायची. साफ खोटं! तिच्या पोटातली गुरगुर मला ऐकू यायची, मी तिच्या मांडीवरच असायचे ना.

पाटीतलं अक्षर पुढं फळाला आलं. लातूरचा नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या आणि पंचशीलाला तिथं नोकरी लागली. पारूबाई मात्र गातच राहिली. दात पडले, केस पिकले, शालींची चळत झाली, तरी माझ्यावरचा तिचा हात सैल पडला नाही. जिथं तिची बोटं पडायची, तिथं माझ्या कातड्यावर काळा डाग उमटला होता. शेवटी लातूरला लेकीच्या घरीच तिनं डोळे मिटले.

पंचशीला मला उराशी धरून फार रडली. मायचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून तिनं पाट्या रंगवणाऱ्याला बोलावलं. त्यानं माझ्यावर पांढरा ऑइल पेंट फासला आणि निळ्या अक्षरांत लिहिलं, 'लोकगायिका पारूबाई'. मग मी फोटोशेजारी खिळ्याला लटकले. येणारे जाणारे नाव वाचायचे, चहा पिऊन जायचे. तो रंग मायेचाच होता हो, पण त्याखाली माझा श्वास कोंडला.

पहिल्या स्मृतिदिनाला कोंडाबाई मुखेडहून एसटीनं आली. कंबर वाकलेली. "पारूचं गाणं येकदा म्हन्ते," ती म्हणाली. "माज्या माघारी कुनाला येतंय ते?" खरंच होतं. ती गाणी कुणी लिहून ठेवलेली नव्हती.

तिनं मला हातात घेतलं. थप्प. पंचशीलानं मला गॅसवर शेकलं. नुसता रंगाचा वास सुटला, आणि पुन्हा थप्प.

"ऱ्हाऊ दे गं माय, टाळीवर म्हन्ते," कोंडाबाई म्हणाली. पण जन्मभर तिनं माझ्या ठेक्यावरच सूर उचलला होता. पहिली ओळ झाली आणि दुसरी सुचेना. ओठ नुसतेच हलले. मग ती पदरात तोंड घालून बसली.

पंचशीला मला घेऊन स्वयंपाकघरात आली. सुरी घेतली आणि कितीतरी वेळ नावाकडे बघत राहिली. कातडं जुनं, हात थोडा जड पडला असता तर नावही गेलं असतं आणि मीही. तिनं हलकेच खरवडायला सुरुवात केली. आधी 'पा' गेला, मग 'रू'. तिची आसवं माझ्यावर पडत होती आणि ती पदरानं टिपत होती. मायचं नाव आपल्या हातानं पुसणं सोपं नसतं, मित्रांनो. रंगाखालून तो बोटांचा काळा डाग वर आला. तिनं त्याच्यावर आपली बोटं ठेवली.

मग मला शेकलं. टिचकी मारली. आवाज आला, घोगरा, पण आला.

कुणीच काही विचारलं नव्हतं. तरी पंचशीला म्हणाली, "हाव माय, बोलती."

त्या दिवशी कोंडाबाईनं गाणं शेवटपर्यंत म्हटलं आणि झील पंचशीलानं धरली. मी आता फार थकले आहे. कडेला चीरही गेली आहे. तुमच्या घरी कुणाचं वाद्य खुंटीला असेल तर ते खाली काढा, शेका, टिचकी मारून बघा. आणि कुणी विचारणारं उरलं नसलं, तरी मोठ्यानं सांगा, बोलती म्हणून.