दगडावरचे चार आकडे

बायको रत्नमाला गेली त्याला आठ महिने झाले, तरी राजेंद्रनं तिचं कपाट उघडलं नव्हतं. उघडली ती फक्त तिची निळी फाईल. फाईलमध्ये तिच्या आजोबांचं प्रकरण होतं. तिनं लष्कराच्या कचेरीकडं केलेले दोन अर्ज, त्यांना आलेली दोन उत्तरं, आणि दोन्ही उत्तरांत एकच वाक्य: या गावचा, या नावाचा शिपाई आमच्या नोंदीत नाही.

आजोबा म्हणजे कडूबा शिवराम त्रिभुवन. वैजापूर तालुक्यातल्या पिंपळदरी गावात, बौद्धवाड्याच्या स्मशानभूमीत त्यांचा दगड आहे. एकोणपन्नास साली ते तापानं गेले, तेव्हा पलटणीतल्या सोबत्यांनी तो बसवला, असं घरचे सांगत. गाव वेगळंच सांगे. कडूबा महायुद्धात लढाईवर गेलाच नाही, छावणीत गोऱ्या साहेबाकडं भांडी घासत होता. गेला असता तर चार वर्षांत गावात त्याचं एखादं पत्र आलं नसतं का?

येत्या सव्वीस जानेवारीला पंचायत गावच्या सैनिकांच्या नावांची शिळा बसवणार होती. रत्नमालाला तिच्यावर आजोबांचं नाव हवं होतं. पंचायतीला पुरावा हवा होता. तो यायच्या आत ती गेली.

हे काम होणार, याबद्दल राजेंद्रच्या मनात शंका नव्हती. सत्तावीस वर्षं त्यानं एसटीत कंडक्टरकी केली होती, त्यातली निम्मी वैजापूर-येवला गाडीवर. हिशोब जुळत नसेल तर चूक कुठं तरी असतेच आणि ती सापडतेच, एवढं त्याला ठाऊक होतं. दिवाळी झाल्यावर तो बादली, तारेचा ब्रश आणि डब्यात ज्वारीचं पीठ घेऊन पिंपळदरीला गेला. त्याचा मेहुणा, रत्नमालाचा भाऊ राजकुमार, पंचायतीचा सदस्य होता. तो सोबत आला, पण मनातून नाही.

"दाजी, बाईनं दोनदा लिहिलं, दोनदा तोंडावर पडलो," तो म्हणाला. "मिटिंगीत लोक हसत्यात मला."

"तू बादली धर," राजेंद्र म्हणाला.

दर चौदा एप्रिलला पोरं आदरानं त्या दगडाला चुना देत. सत्तर-ऐंशी वर्षांचा आदर दगडावर बोटभर जाड बसला होता. तो खरवडायला दुपार गेली. मग राजेंद्रनं पीठ चोळलं, तसे आकडे पांढरे उठून दिसले. शिपायाच्या नंबरातले पहिले चार स्पष्ट होते. पुढं दगडाचा पोपडा उडाला होता आणि दोन आकडे त्याच्याबरोबर गेले होते. खाली नाव आणि पलटणीची खूण होती. गावाचं नाव कुठंच नव्हतं.

ते चार आकडे घेऊन तो शहरात छावणीत राहणाऱ्या बद्रीनाथकडं गेला. बद्रीनाथ निवृत्त हवालदार, माजी सैनिकांचे अर्ज भरून देण्यात त्याची हयात चाललेली. अर्ध्या नंबरावर कोणी शोधत नाही, म्हणून कचेरीवाले गावाच्या नावानं शोधतात, असं त्यानं समजावलं. मग सहज बोलून गेला की तेव्हा वैजापूर निजामाचं होतं आणि पलीकडचं येवला इंग्रजाचं. भरतीवाला साहेब निजामाच्या हद्दीतला पोरगा दिसला की लई चौकशा करायचा, असं त्याचा बाप सांगे.

राजेंद्र हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"काय झालं?" बद्रीनाथनं विचारलं.

"माझ्या गाडीत माणूस वैजापूरला बसायचा आन् तिकीट काढताना पुढच्या स्टॉपाचं नाव सांगायचा. कुठून बसला म्हणून विचारलं, की माणूस सोयीचं गाव सांगतो."

कडूबांची बहीण अंदरसूलला दिली होती, येवला तालुक्यात, हद्दीच्या पलीकडं. रत्नमाला ते कितीदा तरी बोलली होती. आजोबा बहिणीच्या घरून लढाईला निघाले, असंच ती सांगायची. तो ऐकायचा आणि पेपर वाचायचा. त्याची त्याला आता लाज वाटली, पण लाजेत बसायला वेळ नव्हता. तिसरा अर्ज त्यानं तिथंच भरला. नात म्हणून नाव रत्नमालाचंच घातलं आणि तिच्या वतीनं म्हणून खाली स्वतःची सही केली. गावाच्या रकान्यात लिहिलं, अंदरसूल.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. पाकिटावर तिचं नाव होतं. त्यानं ते आधी तिच्या फोटोपुढं ठेवलं, चहा केला, मग फोडलं. कडूबा शिवराम, राहणार अंदरसूल. बेचाळीस साली भरती, ब्रह्मदेशात सेवा, सेहेचाळीसला घरी परत. नंबर पूर्ण सहा आकडी, आणि पहिले चार दगडावरचेच.

पंचायतीत कागद फिरला. सरपंचानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, माणूस शिपाई होता हे कबूल, पण कागदावर अंदरसूल आहे. मग शिळा अंदरसूलवाल्यांनी बसवावी. कोणी तरी हसलं. राजकुमारनं मान खाली घातली.

राजेंद्र उठला नाही, बसल्या जागेवरूनच बोलला.

"सरपंच, पत्रं बहिणीच्या गावी गेली, म्हणून तुमच्या गावात आली नाहीत. तुम्ही त्यालाच खोटं धरलं. आता कागदात गाव नाही म्हणता. गाव नसू द्या. तो नंबर ज्या दगडावर आहे, तो दगड कुठंय? अंदरसूलला का पिंपळदरीला?"

सरपंचानं चष्मा काढून पुसला. शेवटी उठला तो राजकुमार.

"पिंपळदरीला," तो म्हणाला. "मी स्वतः बादली धरली व्हती. माझ्या आजाचं नाव शिळेवर येणार. कोणाला नाय म्हणायचं असंल त्यानं माझ्यासंगं स्मशानात यावं, आत्ता."

गेलं कोणीच नाही. नाव मंजूर झालं.

बाहेर आल्यावर राजकुमारनं दाजीच्या हातातली निळी फाईल स्वतःकडं घेतली आणि काखेत धरली. चालता चालता म्हणाला, "पाथरवट उद्या येतोय. दगडावरचे गेलेले दोन आकडेबी कोरून घेतो. कोणते व्हते ते?"

राजेंद्रनं सांगितले. फाईल उघडावी लागली नाही.