माझ्या पोटातली पिवळी बाई

मी एक जुनी, काठ फुटलेली मातीची मडकी आहे. हसू नका मित्रांनो! चामोर्शीच्या बाजारात कलाबाईनं मला टिचकी मारून, पारखून घेतलं होतं. बारा वर्षं मी तिच्या चुलीजवळ मीठ सांभाळलं. शेजारणींना ती माझं कौतुक सांगायची. पुढं प्लास्टिकची बरणी आली, माझा काठ फुटला आणि मी न्हाणीमागं जाऊन पडले. दोन वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. खरं सांगते, फार वाईट वाटलं.

मग कलाबाईच्या लेकीनं, दिव्यानीनं, घरात काचेची टाकी आणली. तिच्यात नऊ टेट्रा मासे आणि बुटक्या सिक्लिड माशांची एक नर-मादी जोडी होती. "याईले लपाले गुहा लागते," म्हणत दिव्यानीनं मला घासलं, आठ दिवस भिजवलं आणि टाकीत उपडं ठेवलं. माझा फुटका काठ दार झाला! सिक्लिडची करंगळीएवढी मादी आत शिरली, माझ्या छताला लालसर अंडी चिकटवली आणि स्वतः हळदीसारखी पिवळी झाली. नवऱ्याला ती दाराशीही फिरकू देईना.

त्या दिवशी दिव्यानी कॉलेजात गेली होती. घरी होते तिचे वडील गोविंदाभाऊ. गावतलावात जाळं टाकण्यात त्यांचा जन्म गेलेला. तलावातली मरळ नर-मादी मिळून पिल्लं राखते, हे त्यांना पक्कं ठाऊक. इथं मात्र बायको नवऱ्याचे पंख फाडत होती.

"अवं, हे तं बापालेच मारून राह्यली! पिवळी पडली, बिमार हाये वाटते," म्हणत त्यांनी तिला जाळीनं उचलून बादलीत ठेवलं. चांगल्या मनानंच केलं हो! पण संध्याकाळपर्यंत बापानं आणि टेट्रांनी मिळून सगळी अंडी खाऊन माझं छत साफ केलं. मी पडले मडकी, ओरडणार कशी?

दिव्यानी आली आणि रडलीच. "बाबा, याईची रीत वेगळी हाये. अंडे मायच राखते." गोविंदाभाऊंनी बादलीतली मादी परत टाकीत सोडली. जेवतानाही मान वर केली नाही.

तीन आठवड्यांनी मादीनं पुन्हा अंडी चिकटवली आणि ती पिवळी झाली. दिव्यानी पुन्हा कॉलेजात, आणि भाऊंच्या हातात पुन्हा जाळी! माझा जीव टांगणीला लागला. जाळी पाण्यात उतरली, माझ्या दारावरून पुढं गेली आणि तिनं कोपऱ्यातल्या नराला उचललं. मग टेट्रा. सारा तलाव घोळणाऱ्या माणसाची नऊ टेट्रा पकडता पकडता दुपार गेली. सगळ्यांना पाण्यानं भरलेल्या टबात सोडून भाऊ काचेसमोर येऊन बसले. रोज बसू लागले.

आठव्या दिवशी ती बाहेर आली. मागं चिलटांएवढ्या पिल्लांचा घोळका. मित्रांनो, बारा वर्षं मीठ सांभाळतानाही मला इतका आनंद कधी झाला नव्हता!

भाऊ काचेजवळ वाकले. "बाई, मागच्या बारीले म्या चुकलो. तुहे लेकरं, तुलेच समजते."

माशाला कुणी बाई म्हणतं का? पण ती माफी ऐकून घेईल तर ना! ती थेट त्यांच्या नाकावर धावून आली आणि काचेला ढुशी मारली. भाऊ डोळे पुसत हसले.

मित्रांनो, ज्याला जपायचं त्याची रीत आधी बसून बघा, मग हात घाला. भाऊंनी तर दोन्ही हात मागं घेतले आणि दोन पावलं मागं सरकले.