एका कार्डावर एकच प्रश्न

कोशाच्या कचेरीत तिला सगळे ताईच म्हणत. संपादकबाईसुद्धा, आणि त्या तर तिच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. ताईकडे चिठ्ठ्यांचं काम होतं. कोश इंग्रजी शब्दांचा, मराठीत समजावून सांगणारा. नुसता अर्थ देऊन मोकळा होणारा नव्हे, तर शब्द जन्मला कुठं, कुठल्या काळी कुठल्या अर्थानं नांदला, कुठला अर्थ म्हातारा होऊन गेला, हे सगळं सांगणारा. त्यासाठी ठिकठिकाणचे वाचक घरी बसून जुनी इंग्रजी पुस्तकं वाचत. एखादा शब्द वेगळ्या चालीनं वापरलेला दिसला की ते वाक्य हातभर नव्हे, वीतभर चिठ्ठीवर उतरवून धाडत. वर शब्द, मध्ये वाक्य, खाली पुस्तक, आवृत्ती, पान. कोपऱ्यात वाचकाचा क्रमांक. ताईनं ती चिठ्ठी तपासायची आणि भिंतभर पसरलेल्या खणांतल्या योग्य खणात सारायची.

सकाळी पहिला खण उघडण्याआधी ती डोळे मिटून देवाचं नाव घेई. त्याच्या पाठोपाठ, ओठ न हलवता, आणखी एक नाव घेई. चार वर्षांत एक दिवस हा नेम चुकला नव्हता. ते दुसरं नाव तिच्या दादाचं होतं, आणि वाचक क्रमांक एक्केचाळीस म्हणजे दादाच होता.

हे तिला कामावर लागल्यानंतर तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. एक्केचाळीसचं पुडकं सोडलं आणि समोर दादाचं अक्षर. बाबांनी दोघांना एकाच पाटीवर गिरवायला लावलं होतं. ते अक्षर तिनं झोपेतही ओळखलं असतं. तरी खात्री म्हणून तिनं वाचकांची वही काढली. नाव तेच. पत्ता बसनं चार तासांवरच्या एका गावचा. फोनची जागा रिकामी. पगार तुटपुंजा होता, जिना चढून गुडघे बोलू लागले होते, पण त्या दिवसापासून ही नोकरी सोडायचा विचार तिनं मनातून पुसून टाकला.

दादाशी बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा दादाला पन्नाशीत दुसरी नोकरी लागली होती, अजून कच्ची. बाबांनी तिला बसवून पत्र सांगितलं, "थोरल्याला लिही, मला बरं वाटत नाही, एकदा येऊन जा." तिनं लिहिलं. पाकीट चिकटवलं. आणि डॉक्टर म्हणाले, दोन-चार दिवसांत उतार पडेल. तिला वाटलं, उगाच कशाला त्याचा जीव टांगणीला लावायचा? नोकरीवर गदा आली तर? उद्या बघू, परवा बघू, असं करत पाकीट नऊ दिवस शिवणाच्या डब्यात राहिलं. दहाव्या दिवशी टाकलं. बाराव्या दिवशी बाबा गेले. चौदाव्या दिवशी दादा दारात आला, तेव्हा घरात बाबांचा चष्मा तेवढा उरला होता.

"पत्र कधी टाकलंस?" एवढंच त्यानं विचारलं.

"लिहिलं त्याच दिवशी," ती म्हणाली. "टपालानंच वेळ लावला असेल."

दादानं ते पाकीट खिशातून काढलं, पाहिलं, पुन्हा खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. नंतर तिनं तीन पत्रं धाडली. एकाचंही उत्तर आलं नाही. पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही, असं शेजारची काकू म्हणायची. ताईला वाटे, काकूनं कधी थंडीत गोठलेलं पाणी पाहिलं नसावं.

कोशाच्या कचेरीत वाचकाला काही विचारायचं तर छापील कार्ड असे. नियम दोन. एका कार्डावर एकच प्रश्न, म्हणजे उत्तराचा घोळ होत नाही. आणि प्रश्नाखेरीज एक अक्षर नाही. ना नमस्कार, ना सही, फक्त कचेरीचा शिक्का. उत्तर त्याच कार्डाच्या दुसऱ्या अर्ध्यावर येई. पण दादाला कार्ड धाडायची वेळच कधी आली नाही. नऊ वर्षं तो चिठ्ठ्या पाठवत होता, आणि एकाही चिठ्ठीत बोट ठेवायला जागा नव्हती. इतर वाचकांच्या चुकांवर ताई कपाळाला आठ्या घाली. दादाच्या बिनचूकपणावर तिला रडू येई.

आणि मग 'प्रोलाँग' हा शब्द आला.

शब्द साधा. लॅटिनमधून निघाला, 'प्रो' म्हणजे पुढे, 'लाँगस' म्हणजे लांब. फ्रेंचांच्या घरी राहून पंधराव्या शतकात इंग्रजीत उतरला. आज त्याचा अर्थ लांबवणं, एखाद्या गोष्टीचा काळ वाढवणं. पण जुन्या काळी त्याला आणखी एक अर्थ होता: पुढं ढकलणं, आज करायचं ते उद्यावर टाकणं. तो अर्थ आता मेला.

"ताई, मराठी पर्याय वाचा बघू," संपादकबाई म्हणाल्या.

"लांबवणे, वाढवणे, ताणणे, रेंगाळत ठेवणे."

"गुऱ्हाळ लावणे लिहा," कोपऱ्यातून जुळारी म्हणाले. आयुष्यभर खिळे जुळवून ते कमरेत वाकले होते, म्हणून कचेरीत त्यांचं नाव स्वल्पविराम. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. "चऱ्हाट वळणे. भिजत घोंगडं ठेवणे. मारुतीचं शेपूट."

"हा कोश आहे, चावडी नाही."

"बाई, अहो, ह्या कोशालाच लोक मारुतीचं शेपूट म्हणतात. नोंद आपल्या घरचीच आहे."

संपादकबाई हसू दाबत खिडकीकडं वळल्या. ताईच्या हातात तेव्हा एक्केचाळीसची चिठ्ठी होती. एका जुन्या प्रवासवर्णनातलं वाक्य; वारा पडला म्हणून आम्ही निघणं लांबवलं, असं काहीसं. म्हणजे पुढं ढकललं. तो जुना अर्थ कोशाला मिळालेल्या इतर पुराव्यांपेक्षा बराच नंतरपर्यंत जिवंत होता, हे सांगणारी ही एकच चिठ्ठी. मोलाची. आणि तिच्यावर पान लिहिलेलं नव्हतं.

ताईनं चिठ्ठी उलटून पाहिली, उजेडात धरली. पान नव्हतंच. नऊ वर्षांत पहिल्यांदा दादा चुकला होता.

तिनं कार्ड लिहिलं. "पान कोणतं?" दोनच शब्द. पण ते तिच्या अक्षरात होते.

आठ दिवसांनी उत्तर आलं: "पान २१२."

तिनं ग्रंथालयातून पुस्तक मागवलं, तर त्याचे दोन भाग. दुसरं कार्ड: "भाग कोणता?" उत्तर: "दुसरा." दुसऱ्या भागात पान दोनशे बारावर गलबताचं चित्र. तिसरं कार्ड: "ग्रंथालयाच्या प्रतीत तिथं चित्र आहे. आपण कोणती प्रत पाहिली?" उत्तर आलं: "माझ्याजवळची."

"माझ्याजवळची!" संपादकबाईंनी कार्ड नाकापर्यंत नेलं. "ह्या एक्केचाळीसला झालंय काय? पूर्वी न विचारता छापखान्याचा पत्तासुद्धा लिहायचा. म्हातारा झाला वाटतं."

"म्हातारे वाईट नसतात," स्वल्पविराम म्हणाले.

दादाला आता एकसष्टावं लागलं असेल. तिच्या डोळ्यांपुढं नको नको ते येऊ लागलं. विसराळूपणा, आजार, एकटं घर. चौथं कार्ड: "आपल्या प्रतीच्या छपाईचं वर्ष?" उत्तर: "पहिलं पान फाटलं आहे." पाचवं कार्ड: "वर्ष शेवटच्या पानावर दिलं आहे का?"

त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं. "आहे."

ताई ते कार्ड घेऊन खणांच्या मागच्या बोळात गेली आणि भिंतीला टेकून हसली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. लहानपणी हाच खेळ. "दादा, किती वाजले सांगशील का?" "सांगीन." "मग सांग ना!" "सांगतोय ना, सांगीन म्हणून." विचारलं तेवढ्याचंच उत्तर. ती पाय आपटत राही आणि तो पुस्तकातून मान वर करत नसे. पण त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असे.

तिनं पाचही कार्डं शेजारी शेजारी मांडली. प्रत्येक उत्तरात नेमकं पुढच्या प्रश्नापुरतं राखून ठेवलं होतं. चिठ्ठीतली पहिली चूक खरी असेलही. पण त्यानंतर तो चुकला नव्हता. त्यानं तिचं अक्षर ओळखलं होतं. आठ-आठ दिवसांनी येणारा एकेक प्रश्न त्यालाही हवा होता. दीड महिना दोघं मिळून एक शब्द लांबवत होते.

तिनं सहावं कार्ड पुढं ओढलं, आणि तेवढ्यात संपादकबाई आल्या.

"ताई, शुक्रवारी ह्या सोळा पानांचा फर्मा छापायला जातो. एका शब्दासाठी छापखाना थांबवून धरलाय. दीड महिना! एक्केचाळीसचा पुरावा पक्का झाला तर ठेवू, नाहीतर काढून टाकू. अर्थ आधीच संपला असं छापू."

"बाई, आज मंगळवार आहे. कार्ड जाऊन यायला आठ दिवस..."

"तेच म्हणते मी. आता कार्ड पुरे."

ताई कार्डाकडं पाहत राहिली. कार्ड नाही. म्हणजे आडोसा नाही. हे सगळे दिवस तिनं नियमाच्या मागं अंग चोरलं होतं. प्रश्नाखेरीज एक अक्षर नाही, म्हणून तिला जे सांगायचं होतं ते सांगायची सोयच नव्हती, आणि खरं बोलायचं तर तिला ही गैरसोय फार सोयीची होती. देवापुढं रोज हात जोडून ती म्हणायची, त्याचं मन वळव. स्वतःचं तोंड उघडायची बुद्धी दे, असं कधी तिनं मागितलं नव्हतं.

"बाई, मला उद्या रजा हवी," ती म्हणाली. "मी जाऊन पुस्तक बघून येते."

"चार तास जायला, चार यायला? एका पानासाठी?"

"हो."

संपादकबाईंनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "चार वर्षांत तुम्ही रजा मागितलेली आठवत नाही," त्या म्हणाल्या. "जा. डबा घेऊन जा, वाटेत काही धड मिळत नाही."

बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली. दादा, रागावू नकोस पण. दादा, तेव्हा परिस्थितीच अशी. दादा, डॉक्टर म्हणाले होते. प्रत्येक वाक्य थोडं पुढं जाई आणि डॉक्टरांच्या, नाहीतर टपालाच्या आड जाऊन उभं राही. शेवटी तिनं वाक्यं सोडून दिली आणि नाव घेत बसली.

घर बँकेच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर होतं. दार उघडंच. आत टेबलाशी एक माणूस पाठमोरा बसलेला. केस पार पांढरे, मानेची ठेवण बाबांची. समोर भिंगाखाली पुस्तक. चाहूल लागली तसा तो वळला. भिंग त्याच्या हातात तसंच राहिलं.

मग त्यानं टेबलावरचं जाडजूड पुस्तक उचलून पुढं केलं.

"शेवटचं पान बघायचं असेल," तो म्हणाला. आवाज तोच होता, थोडा झिजलेला. "वर्ष आहे तिथं. तळाशी."

"ते नंतर," ताई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "दादा, बाबांचं पत्र मी लगेच टाकलं नव्हतं. नऊ दिवस डब्यात ठेवलं. तुझी नोकरी जाईल म्हणून ठेवलं, पण ठेवलं मीच. आणि तू विचारलंस तेव्हा टपालावर ढकललं. टपालाची काही चूक नव्हती. बाबा रोज दाराकडं बघायचे."

शेवटचं वाक्य तिनं बसमध्ये जुळवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं. तिनं चौकट धरली.

दादानं पुस्तक टेबलावर ठेवलं. बराच वेळ तो त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पाकिटावर शिक्का असतो. तारीख असते त्यावर. मी तुझ्यासमोरच बघितली."

"म्हणजे मी खोटं बोलले ते तुला..."

"तिथंच."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तू बोलशील," दादा म्हणाला. "मला वाटलं, फार तर आठवडा लावशील."

बाहेरून एक सायकल घंटा वाजवत गेली. दादानं भिंग खाली ठेवलं, खुर्चीवरचे कागद उचलून पलंगावर टाकले, खुर्ची पुसली, मग पुन्हा पुसली. त्याचा पाठमोरा खांदा एकदा हलला. वळला तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज त्यानं कसाबसा रुळावर आणला होता.

"उभी काय आहेस? आत ये. आणि चपला बाहेर नको ठेवूस, शेजारचं कुत्रं पळवतं."

तिनं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि आत येऊन तशीच उभी राहिली.

"कुठं ठेवू?"

"ठेव कुठंही," दादा म्हणाला.