दोन मिनिटांचं अंतर

लाल आणि निळी सारख्याच वेळात घाट चढल्या आणि माझ्या डोक्यात संशयाचा किडा वळवळू लागला.

गेली एकवीस वर्षं मी, दीनानाथ, एका मासिकात मोटरसायकलींची तुलना लिहितो. लोक माझं वाचून आयुष्यभराची बचत गाडीत घालतात, म्हणून पेन जपून चालवतो. या महिन्यात दोन स्पोर्ट टुरिंग गाड्या होत्या. सामान लादून दिवसभर पळवायच्या आणि घाटातही मजा देणाऱ्या. लालचं इंजिन निळीच्या जवळजवळ दीडपट. तरी वाईहून पसरणी घाट चढायला लालला पंधरा मिनिटं वीस सेकंद आणि निळीलाही तेवढीच! आम्ही गाड्या बदलून पुन्हा चढलो. पुन्हा तेच. पाणी कुठेतरी मुरत होतं.

मुरवणारा एकच असू शकत होता. अरफात. त्याचं येरवड्याला गॅरेज आहे. त्याचे वडील दादामियाँ होते तोवर चाचणीची दुसरी गाडी ते चालवायचे, आता हा चालवतो. पद्धत त्यांच्याच काळातली: मी आधी निघायचं, दुसऱ्याने दोन मिनिटं थांबून निघायचं, म्हणजे कुणी कुणाच्या वेगात अडकत नाही. त्या दिवशी मात्र दोन्ही फेऱ्यांत दुसऱ्याच वळणावर आरशात त्याचा दिवा.

"काय रे, घड्याळ विकलंस का?" माथ्यावर पोचल्यावर मी विचारलं.

"नाही काका. मध्ये एखादा ट्रक घुसला असता तर टायमिंग बिघडलं असतं. म्हणून लगेच निघालो."

ट्रक! रविवारी सकाळी सातला त्या घाटात एक एसटी सोडली तर मला चिटपाखरू दिसलं नव्हतं. मग हा फोन घेऊन बाजूला गेला. वाऱ्यावर तुकडे ऐकू आले, "हो... काकांना कळू देत नाही... संध्याकाळी बोलतो."

निळ्या गाडीचं शोरूम आपल्याला सर्व्हिसिंगचं काम देणार आहे, हे त्यानेच आठवड्यापूर्वी मला पेढा देऊन सांगितलं होतं. दोघींचे आकडे सारखे आले की महागडी लाल कोण घेईल? तो पेढा मला आता कडू लागायला लागला. माझा स्वतःचा वेळही गेल्या वर्षीपेक्षा सव्वादोन मिनिटांनी वाढला होता, पण त्याला कारणं होती. खड्डे, थंडी, गाड्यांचं वजन.

परतल्यावर तो नारायण पेठेत आमच्याकडे चहाला आला. हेल्मेट दाराशी ठेवून माझ्या बायकोशी, द्वारकेशी, बोलायला स्वयंपाकघरात गेला. हेल्मेटला कॅमेरा होता. मी त्यातलं कार्ड काढून खिशात टाकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चांदणं माझ्या मनात होतं, पण चोर तो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तो गेल्यावर संगणक लावला. सरळ रस्त्यावर हा मुद्दाम वेग कमी करतो ते मला पकडायचं होतं.

पडद्यावर मीच होतो. पाठमोरा. प्रत्येक डाव्या वळणावर माझी गाडी सरकत सरकत पांढरी रेघ ओलांडून समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जात होती. मला वाटत होतं मी अगदी कडेने चाललोय! आणि प्रत्येक वेळी अरफात हॉर्न वाजवत, दिवा उघडमीट करत रेघेबाहेर येत होता, म्हणजे वरून येणाऱ्याला निदान तो तरी दिसावा. ती एसटी कचकन थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "ओ बाबा, घरी मानसं हायती का न्हाई?" मी ऐकलंच नव्हतं.

"बघितलंत एकदाचं?" द्वारका मागे उभी होती. "तीन महिने झाले, दाराची कडी तुम्हाला पहिल्या झटक्यात सापडत नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येता. म्हणून मीच त्याला म्हटलं, यांना सांगू नकोस, पण मागे राहा. घाटात फोनही माझाच होता."

दोन्ही गाड्यांचा वेळ सारखा होता, कारण तो गाड्यांचा नव्हताच. माझा होता. मला त्या खुर्चीत बसवेना.

अरफातला फोन केला. "दोन मिनिटं थांबायचं ठरलं होतं आपलं."

"मागच्या चाचणीला थांबलो होतो, काका. तेवढा वेळ तुम्ही दिसत नाही ना, जीव खाली-वर होतो."

"आणि आकडे खोटे पडतात ते?"

"आकडे काय, परत घेता येतात."

पुढच्या शनिवारी त्याने लाल चढवली, रविवारी निळी. मी दोन्ही दिवस स्वारगेटहून एसटीने गेलो आणि माथ्यावर घड्याळ धरून बसलो. लाल बारा मिनिटं दहा सेकंद, निळी बारा पंचावन्न. ज्याच्यावर निळीची दलाली लादली होती, त्यानेच लालला जिंकवलं.

कार्ड परत देताना मी म्हणालो, "तुझ्या हेल्मेटमधून पडलं होतं."

"पडतं कधीकधी," तो म्हणाला आणि चहा सांगायला वळला.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. लेख काल पाठवला. खाली 'चालक' लिहून त्यापुढे अरफातचं नाव घातलं. एकवीस वर्षं तिथे फक्त माझं नाव छापून येत होतं. दादामियाँ इतकी वर्षं दुसरी गाडी चालवत होते, त्यांचं नाव एकदाही आलं नाही, आणि हे मला काल पहिल्यांदा दिसलं.